इसोगाई मित्सुमाताला उतरतात

तामोत्सु इसोगाई यांनी आयुष्यात दारू फारशी घेतली नाही, पण जेव्हा जेव्हा घेतली तेव्हा काहीतरी कबूल करून बसले. त्यांचं लग्न असंच ठरलं. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून ते निवृत्त झाले, त्या दिवशीच्या निरोपाच्या जेवणात मात्र जे घडलं, ते निस्तरणं लग्नापेक्षाही जड गेलं.

तिसऱ्या पेल्यानंतर नुकुईने विषय काढला. नुकुई म्हणजे एकोणीस वर्षं इसोगाईंच्या शेजारच्या टेबलाशी बसून त्यांचीच पेन्सिल वापरणारा माणूस. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने त्याने विचारलं, की आता वहिनींना घेऊन कुठे जाणार, गरम पाण्याच्या कुंडांवर की क्योटोला? इसोगाईंनी तोंड उघडायच्या आत तोच पुढे म्हणाला, "तुम्ही काय जाणार म्हणा. बत्तीस वर्षं सरकारी खर्चाने दौरे केलेत आणि पाहिलंत काय, तर मित्सुमाताचा तीन नंबरचा फलाट."

सगळे हसले. साहेब हसले, आणि वाढायला आलेली बाईसुद्धा हसली. तिचा या खात्याशी काहीएक संबंध नव्हता.

हसण्यासारखं होतं हे खरं. आमच्या गावाहून जगात कुठेही जायचं तर मित्सुमाताला गाडी बदलावी लागते. चार मार्ग तिथे एकत्र येतात. दोन गाड्यांच्या मध्ये अकरा मिनिटं मिळतात आणि त्या अकरा मिनिटांत तीन नंबरच्या फलाटावर उभ्या उभ्या गरम शेवयांचा वाडगा रिचवून पुढच्या गाडीत शिरायचं, ही आमच्याकडे पिढीजात रीत आहे. इसोगाई चारशेच्या वर वेळा मित्सुमाताला गेले होते आणि एकदाही स्टेशनाच्या बाहेर पडले नव्हते. आमच्यापैकी कुणीच पडलेलं नाही. पण बाकीच्यांना हे तोंडावर कुणी ऐकवलं नव्हतं.

"मी मित्सुमातालाच जाणार आहे," इसोगाई म्हणाले. "मुक्कामाला. दोन रात्री."

यावर कुणी हसलं नाही, आणि ते फार वाईट होतं.

आता दारूच्या बैठकीत माणूस जे बोलतो, ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून विसरायचं, असा आमच्याकडे एक फार शहाणा रिवाज आहे. या रिवाजावर कित्येक नोकऱ्या आणि संसार टिकून आहेत. त्याप्रमाणे नुकुईचा सकाळीच फोन आला. कालचं मनावर घेऊ नका, आम्ही सगळे विसरलो, असं त्याने तोंडभरून सांगितलं. विसरलो हे सांगायला त्याला पाच मिनिटं लागली आणि तेवढ्यात त्याने मित्सुमाताचं नाव चार वेळा घेतलं. इसोगाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. तोंडावर केलेला अपमान एक वेळ सहन होतो, पण माफ करून केलेला अपमान झोंबतो.

त्यांची बायको सानाए हिने सगळं ऐकून घेतलं. शिवणाच्या डब्यात तळाशी तिने गरम कुंडांचं एक माहितीपत्रक सव्वीस वर्षं जपून ठेवलं होतं. ते आता इतकं जुनं झालं होतं, की त्यावरच्या फोटोतली बाई आजी झाली असेल. तिने डब्याचं झाकण लावलं.

"अहो, चला. मी येते," ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. परत आल्यावर मला या गल्लीत मान खाली घालून फिरायला लागलं, तर यापुढची प्रत्येक सहल मी माझ्या बहिणीबरोबर करणार. तुम्ही घरी बसून आपलं मीटर वाचा."

अट सरळ होती आणि ती सानाएची होती. म्हणजे ती पाळली जाणार होती.

तरीही प्रकरण घरातल्या घरात राहिलं असतं. पण नेमक्या जायच्या आठवड्यात इसोगाईंच्या घराकडे कचऱ्याची पाळी होती. इसोगाईंचं घर सोडून गल्लीत अकरा घरं आहेत आणि कचरा ठेवायची जागा एक. ज्याची पाळी असेल त्याने सकाळी पिशव्यांवर जाळी पसरायची, कावळे हाकायचे आणि गाडी गेल्यावर जागा झाडायची. पाळी बदलून हवी असेल तर घरोघर फिरणाऱ्या पाटीला लावलेल्या कागदावर कारणासह लिहावं लागतं आणि प्रत्येक घराने वाचून आपला शिक्का मारायचा असतो. इसोगाईंनी लिहिलं: "मित्सुमाता येथे पर्यटनासाठी जात असल्याने."

पाटी तीन दिवसांनी परत आली ती कडेच्या कोऱ्या जागेत खच्चून भरून. एकाने लिहिलं होतं, मित्सुमाताला गाडी बदलली की वाळूच्या टेकड्या जवळ पडतात. दुसऱ्याने लिहिलं होतं, मित्सुमाताला गाडी बदलून मोठं देऊळ बघा, म्हणजे सहल फुकट जाणार नाही. तिसऱ्याने तीन नंबरच्या फलाटावर शेवयांत जास्तीचा कांदा मागून घ्यायचा सल्ला दिला होता. गल्लीच्या प्रमुख तोकुनागाबाई. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि मन कात्रीसारखं. त्यांनी सगळ्यांच्या खाली एकच ओळ लिहिली होती: "मित्सुमाताचं खास असं काय असतं बरं? कधी ऐकण्यात नाही."

ही ओळ वाचून इसोगाईंनी पाटीवरचे शिक्के मोजले. आमच्याकडे माणूस प्रवासाहून आला की त्या गावचा खाऊ घेऊन येतो. कुणी मागत नाही, मागायची पद्धतच नाही. पण प्रवासाला गेल्याचं ज्याला ज्याला ठाऊक आहे, त्याच्या दाराशी डबा पोचावा लागतो आणि डब्यावर त्या गावाचं नाव असावं लागतं. माणूस गेला होता याला पुरावा तो डबा, आणि ते गाव आहे यालाही पुरावा तोच. अकरा घरांनी शिक्के मारले होते. म्हणजे अकरा डबे.

तिकिटाच्या खिडकीवर इसोगाईंनी दोन तिकिटं मागितली.

"मित्सुमाता, आणि तिथून पुढे?" आतला माणूस म्हणाला.

पुढे नाही, असं सांगितल्यावर त्याला वाटलं म्हाताऱ्याला अजून ठरवता येत नाहीये. त्याने धीर देत चार मार्गांचा नकाशा पुढे सरकवला आणि कुठेही बोट ठेवा म्हणाला. इसोगाईंनी मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हो, तिथे तुम्ही गाडी बदलणार," तो म्हणाला. शेवटी मागच्या रांगेतला एक मासेवाला ओरडला, की त्यांना जायचंय ते जाऊ दे ना बाबा, लोक काय काय करतात. इसोगाईंना ही मदत मुळीच आवडली नाही.

निघाले ते सोमवारी. मित्सुमाता आलं, दार उघडलं आणि पुढचं इसोगाईंच्या पायांनी केलं. बत्तीस वर्षांची सवय काही थोडीथोडकी नसते. पाय जिना चढले, पूल ओलांडून तीन नंबरवर उतरले, आणि इसोगाई भानावर आले तेव्हा ते पुढच्या गाडीत खिडकीची जागा धरून बसले होते. फलाटावर उभी असलेली सानाए छत्रीच्या टोकाने काच ठोठावत होती. शिटी व्हायच्या आत ते बाहेर पडले, पण त्यांची टोपी वाळूच्या टेकड्या बघायला गेली.

मग बाहेर जायचा रस्ता शोधायचा होता. स्टेशनात अठ्ठावीस बाण होते आणि त्यातले सव्वीस दुसऱ्या गाड्यांकडे नेत होते. "बाहेर" अशी पाटी एका खांबाच्या मागे होती आणि तिच्यासमोर झाडाची कुंडी ठेवलेली होती. इसोगाईंनी कुंडी जराशी सरकवली. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी हेच काम केलं होतं. व्हॉल्व्ह असतो, पण त्यावर कुणीतरी काहीतरी ठेवलेलं असतं.

बाहेर पडल्यावर समोरच पर्यटकांना माहिती देणारं ऑफिस होतं. आत काजितानी नावाची तिशीतली बाई बसली होती. तिने उठून कमरेत वाकून स्वागत केलं आणि सहा सुंदर गावांची सहा पत्रकं पंख्यासारखी पसरून धरली. ही सगळी इथून तासाभराच्या आत, असं ती म्हणाली. इसोगाईंनी इथलं पत्रक मागितलं. ती गोंधळली. आतल्या खोलीत गेली, कपाटं उघडल्याचे आवाज आले आणि ती एक छापील नमुना घेऊन आली. आधी हा भरायचा असतो, म्हणाली. भेटीचं कारण, यापुढे चार रकाने होते: गाडी बदलणे, कामकाज, नातेवाईक, गाडी चुकणे.

"पर्यटन कुठाय?" इसोगाई म्हणाले.

"'इतर' असं बाजूला लिहिते मी."

"बाई, मी बत्तीस वर्षं नमुने भरून घेतलेत. 'इतर' म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तिथे आम्ही फुटलेले पाइप आणि मेलेल्या मांजरी टाकत होतो. माझ्यासाठी पट्टीने नवा रकाना आखा."

रकाना आखायचा अधिकार तिला नव्हता. तिने वरिष्ठांना फोन लावला, बराच वेळ "हो, हो, दोघं आहेत, शुद्धीवर आहेत" असं काहीसं बोलली आणि फोनवर हात धरून इसोगाईंना म्हणाली, साहेब विचारतायत की तुमची गाडी नक्की चुकलेली नाही ना. इसोगाईंनी नमुना कोराच परत केला. निघता निघता त्यांनी विचारलं, की इथे बघण्यासारखं काय आहे ते तरी सांगा. काजितानीने खूप विचार केला. ती याच गावची होती आणि तिला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, रुळांवरच्या पुलावर उभं राहिलं की गाड्या दिसतात.

"कुठे जाणाऱ्या?"

"सगळीकडे," ती म्हणाली आणि मग स्वतःच ओशाळली.

हॉटेलातही तीच तऱ्हा. सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी खोलीतला फोन वाजला आणि एका गोड आवाजाने पहिल्या जलद गाडीची वेळ सांगितली. इसोगाई अंगावरच्या झोपण्याच्या कपड्यांनिशी खाली गेले. आम्हाला गाडी पकडायची नाही, असं त्यांनी रागाने सांगितलं. तिथला माणूस समजूतदारपणे म्हणाला, "हो साहेब, पण सुटली तर?" इसोगाईंनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आणि ते परत वर गेले.

मंगळवारी त्यांनी डबे शोधायला सुरुवात केली. स्टेशनातल्या दुकानात डब्यांच्या भिंती होत्या. नाशपातीच्या गावचे नाशपातीचे, पीचच्या गावचे पीचचे, समुद्राकडचे वाळवलेल्या खेकड्यांचे. मित्सुमाताचं काही द्या म्हटल्यावर विकणारी बाई मनापासून विचारात पडली. मग नाशपातीच्या डब्यावर हात ठेवून म्हणाली, "आम्ही कुणाकडे जाताना हेच नेतो."

सानाए म्हणाली, की मग घ्या हेच, सगळ्यांना आवडतात. इसोगाई म्हणाले, की नाशपातीच्या गावचं नाव लिहिलेले अकरा डबे घेऊन मी गल्लीत गेलो, तर नुकुई म्हणाला ते खरं झालं. सानाएने छत्री उघडली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर छत्री कशी उघडली यावरूनसुद्धा बरंच कळतं.

बाजाराच्या रस्त्यावर निम्मी दुकानं कायमची बंद होती. उरलेल्यांपैकी एकात फक्त किल्ल्या मिळत होत्या आणि एकात फक्त शाळेचे गणवेश. सानाएचे पाय दुखायला लागले तेव्हा दोघं एका लहानशा बागेत बसली. तिथे एक नळ होता. इसोगाईंनी ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि दुसरा घोट तोंडातच धरून ते डोळे मिटून उभे राहिले. त्यांनी उभ्या आयुष्यात हजारो नळांचं पाणी तपासलं होतं.

"सानाए, इकडे ये," ते म्हणाले. "हे पिऊन बघ. आपल्याकडे इतकं चांगलं पाणी आपण कधी देऊ शकलो नाही."

सानाए प्यायली. पाणी खरंच गोड होतं. ते मऊ आणि गार होतं, आणि मागाहून जिभेवर काहीच राहत नव्हतं. चारशे वेळा इसोगाई या पाण्यापासून हजारएक पावलांवर येऊन डबाबंद चहा पीत उभे राहिले होते. त्यांना एकाएकी स्वतःचाच फार राग आला. असं पाणी असलेल्या गावात काहीतरी चांगलं शिजत असणारच, असं म्हणून ते उठले आणि गल्ल्यांमधून धूर शोधत निघाले. तिसऱ्या गल्लीत एका खिडकीतून वाफ येताना दिसली.

ते फुनाकुबो यांचं दुकान. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस रोज एकच पदार्थ करायचा, मांजू. आत लाल चवळीचं गोड पुरण, वरून पातळ पारी, वाफेवर उकडलेली. सानाएने एक खाल्ला आणि न विचारता दुसरा उचलला. पांढरे डबे होते, पण त्यावर एक अक्षर नव्हतं. इथली माणसं खातात, त्यांना आपण कुठे आहोत ते ठाऊक असतं, असं फुनाकुबो म्हणाले.

इसोगाईंनी उद्यासाठी अकरा डबे सांगितले आणि वर "मित्सुमाताची खासियत" असं लिहायला सांगितलं.

"खासियत नाही ती. मांजू आहे," फुनाकुबो म्हणाले.

"मित्सुमातात होतात ना?"

"होतात. पण गावाबाहेर कुणी नाव ऐकलेलं नाही, त्याला खासियत कसं म्हणायचं? पन्नास वर्षांत मी खोटं लिहून विकलं नाही. तुमच्या गल्लीसाठी आता लिहू?"

दोन म्हाताऱ्यांचं यावर पाऊण तास चाललं. एक म्हणत होता, लिहिल्याशिवाय प्रसिद्ध कसं होणार. दुसरा म्हणत होता, प्रसिद्ध झाल्याशिवाय कसं लिहिणार. सानाएने मधल्या वेळात आणखी तीन मांजू खाल्ले. शेवटी फुनाकुबो म्हणाले, उद्या अकराला या, जे खरं आहे तेवढं लिहून ठेवतो.

बुधवारी डबे तयार होते. प्रत्येकावर कुंचल्याने, जरा रागाने लिहिल्यासारखं, लिहिलेलं होतं: "मित्सुमातात केलं. उद्या दुपारपर्यंत खावं. फुनाकुबो." खाली लाल शिक्का होता. इसोगाईंनी तो मजकूर अकरा वेळा वाचला. यापेक्षा चांगला सरकारी दाखला त्यांनी पाहिला नव्हता.

स्टेशनात शिरले तेव्हा त्यांची चाल बदललेली होती. आणि अशी चाल बदलली की वरचा कुणीतरी बघत असतोच. एकच्या सुमाराला डोंगरात रुळांवर दरड कोसळली. एक मार्ग बंद झाला, त्याच्या गाड्या दुसऱ्यावर वळवल्या, दुसरा तुंबला, आणि तासाभरात मित्सुमाताचे चारही मार्ग ठप्प. दर दहा मिनिटांनी कर्ण्यातून माफी मागितली जात होती. फलाटांवर पाचशे माणसं झाली. शेवयांचा ठेला दोनला संपला. दुकानातली भाताची पाकिटं अडीचला संपली. नंतर नुसतं पाणीच मिळत होतं, तेही बाटलीतलं.

आता गंमत अशी, की त्या पाचशे माणसांपैकी निदान तीनशेंच्या मांडीवर खाऊचे डबे होते. नाशपातीचे, पीचचे, खेकड्यांचे. पण एकही डबा उघडला नाही. तो ऑफिसातल्या लोकांचा होता, सासूचा होता, शेजाऱ्यांचा होता. लोक भुकेने पिवळे पडले होते आणि सुबक कागदात बांधलेल्या खाऊवर हात ठेवून ताठ बसून होते. आमच्याकडे माणूस एक वेळ उपाशी मरेल, पण दुसऱ्यासाठी घेतलेल्या डब्याची गाठ सोडणार नाही.

सानाएच्या शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. बहिणीला दवाखान्यात बघून परत चालल्या होत्या आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यांनी डोकं खांबाला टेकलं. सानाएने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीतून वरचा डबा काढला आणि दोरी सोडली.

"अगं, काय करतेस?" इसोगाई दबक्या आवाजात म्हणाले. "तो तोकुनागाबाईंचा डबा आहे."

"तोकुनागाबाई जेवल्या असतील," सानाए म्हणाली.

इसोगाई म्हणाले, की दोन दिवस वणवण केली ती याच्यासाठी. सानाए म्हणाली, की डब्यावर लिहिलंय उद्या दुपारपर्यंत, आणि कर्णा म्हणतोय उद्या सकाळशिवाय गाडी नाही. त्यांनी डबा धरला, तिने झाकण धरलं. सगळा फलाट न बघितल्यासारखं करून बघत होता. मग त्या बाईंनी डोळे उघडले आणि इसोगाईंनी हात सोडला. यापुढे आवरायला काही उरलंच नाही. एक डबा संपला, दुसरा उघडला. समोरच्या बाकावर गेला, मग पलीकडच्या. साडेतीनला इसोगाईंच्या पायाशी अकरा रिकामे डबे एकात एक घालून ठेवलेले होते आणि ते त्यांच्याकडे बघत होते. त्यांना वाईट वाटत होतं. खरंच वाईट वाटत होतं.

एक जाडसा गृहस्थ झाकणावरचा मजकूर वाचत जवळ आला. "मित्सुमाता म्हणजे कुठे आलं हे?" त्याने विचारलं.

इसोगाईंनी मान वर केली. त्यांचा आवाज आपोआप चढला.

"इथे. तुम्ही उभे आहात ना, तिथे. ती शेवटची माफी मागितली ना आत्ता, ती मित्सुमाताने मागितली. गल्लीत ताजे मिळतात. ज्याला भूक असेल त्याने माझ्यामागे यावं."

आधी चार जण उठले. मग बाकीच्यांनी चार जण उठलेले पाहिले. दारापर्यंत पोचले तेव्हा मागे त्रेचाळीस माणसं होती. दारावरच्या कर्मचाऱ्याने तिकिटं पाहिली आणि सांगितलं, की ही पुढच्या गावांची आहेत, मध्येच बाहेर पडलं तर बाद होतील. इसोगाई म्हणाले, गाड्या बंद असताना बाहेर सोडायचा वेगळा शिक्का असतो, तो आणा. तो शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो गृहस्थ माफीच्या घोषणा करण्यात गुंतला होता.

"मी थांबतो," इसोगाई म्हणाले. "मला गाडी पकडायची नाही."

इतकं मोकळेपणाने ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. वीस मिनिटांनी शिक्का आला. त्रेचाळीस तिकिटांवर तो उमटला. इसोगाईंनी सानाएची छत्री उंच धरली आणि मित्सुमाता शहराच्या इतिहासातली पहिली सहल पूर्वेच्या दाराने बाहेर पडली. माहिती ऑफिसातून काजितानी धावत आली. तिच्या हातात नमुन्यांचा गठ्ठा होता, आणि पाचवा रकाना तिने पट्टीने आखलेला होता. साहेबांना विचारलं का, असं इसोगाईंनी विचारलं. नाही विचारलं, ती म्हणाली, आणि माणसं मोजायला लागली.

एवढी माणसं गल्लीत वळलेली बघून फुनाकुबोंनी शटर अर्धं ओढून घेतलं. त्यांना वाटलं कुणाचं पोट बिघडलं. मग त्यांनी चार वेळा चूल पेटवली. सानाए पदर खोचावा तशा बाह्या वर सारून आत गेली आणि डब्यांना दोऱ्या बांधायला लागली. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. इसोगाई दाराशी उभे राहून लोकांना बागेतल्या नळाचं पाणी प्यायला पाठवत होते, आणि त्यांना फार आनंद झाला होता.

गुरुवारी सकाळी गाड्या सुरू झाल्या. फुनाकुबोंकडे चवळीचा दाणा शिल्लक नव्हता. भिजत घालायची तर आणखी एक रात्र. इसोगाईंच्या हातात पंधरा मिनिटं होती, आणि समोर स्टेशनातलं दुकान होतं.

सानाए काही बोलली असती तर सोपं गेलं असतं. इसोगाईंच्या डोळ्यांपुढे अकरा दारं आली आणि त्यांना भीती वाटली. रिकाम्या हाताने परत आलेला माणूस आमच्या गल्लीत कुणी पाहिलेला नाही. त्यांनी नाशपातीचे अकरा डबे उचलले. गल्ल्यापर्यंत नेले. तिथून ते मागे वळले आणि एकेक डबा जिथला होता तिथे सरळ लावून ठेवला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तोकुनागाबाई कचऱ्याची जाळी आवरत होत्या. इसोगाईंच्या बदल्यात पाळी त्यांनीच घेतली होती. त्यांनी दोघांना पाहिलं, आणि चेहऱ्यांच्या आधी त्यांचे हात पाहिले. एका हातात पिशवी होती, एका हातात छत्री.

"दमला असाल," त्या म्हणाल्या. "मग? मिळालं का मित्सुमाताचं खास काही?"

"मिळालं," इसोगाई म्हणाले. "आम्ही तिथेच खाल्लं. उरलं नाही, आणि दुसऱ्या गावचं नाव घालून मला काही आणायचं नव्हतं. तुम्हाला हवं असेल तर तिथे उतरा आणि खा."

एवढं बोलून माणसाने कमरेत वाकायचं असतं आणि बायकोने त्याच्याहून जास्त वाकायचं असतं. इसोगाई वाकले नाहीत. त्यांनी तिरक्या नजरेने सानाएकडे पाहिलं. तीही ताठ उभी होती.

तोकुनागाबाईंनी जाळीची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. मग मान खाली घालूनच विचारलं, "बाहेर पडायचं ते पूर्वेच्या दाराने का पश्चिमेच्या?"

"पूर्वेच्या," सानाए म्हणाली. "पश्चिमेला काही नाही."